लागला तेवढा खिळा

खिळेमामा बोलायचे ते तोंडात खिळे धरून. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात चार-पाच खिळे, डोकी बाहेर, आणि डाव्या कोपऱ्यातून शब्द. त्यामुळं त्यांना कुणी उलट उत्तर देत नसे. समोरच्याला वाटायचं, आपण काही बोललो आणि रागाच्या भरात यांनी आवंढा गिळला तर? बिचारा गप्प उभा राहायचा आणि मामा त्याच्या चित्राची सालटी काढत राहायचे. मी एकदा विचारलं, "मामा, एखादा खिळा पोटात गेला तर काय कराल?" म्हणाले, "तुमच्या कमिटीची भाषणं गेली पोटात, ती पचली. खिळ्याचं काय घिऊन बसलीस."

या माणसाविषयी मी मायेनं लिहायला बसले आहे, म्हणून आधीच सांगून टाकते की तो दुष्ट होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. मामांच्या जिभेला होतं, आणि ते दुसऱ्याला लागायचं. वर कुणाला लागलं की त्यांना समाधान वाटायचं, हेही खरं. अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि त्यातली निदान पाच वर्षं त्यांच्यावर चिडण्यात घालवली.

काम म्हणजे सातारा-सांगलीसाठी सरकारी पैशातून चालणारा समकालीन कलासंग्रह. दरवर्षी एक समिती बसायची आणि या दोन जिल्ह्यांतल्या हयात चित्रकारांची, शिल्पकारांची कामं निवडून संग्रहात घ्यायची. पैसा लोकांचा, तेव्हा कामं लोकांच्या डोळ्यांसमोर असली पाहिजेत असा नियम होता. म्हणून संग्रहाला दालन नव्हतंच. साताऱ्यात एक जुनं बियाण्याचं गोदाम होतं, तिथं दार उघडलं की अजून ज्वारीचा आणि कीडनाशकाचा वास यायचा. तिथून टेम्पोत घालून चित्रं निघायची ती खंडाळ्यापासून जतपर्यंत शाळा, आरोग्य केंद्रं, कचेऱ्या, एसटी स्टँड यांच्या भिंतींवर दोन-तीन वर्षांसाठी जायची. कुणी मागितलेली नसायची. आम्ही नेऊन टांगायचो आणि मुदत संपली की उतरवून आणायचो. मी कागद सांभाळायची आणि मामा हातोडी.

मामा मूळचे तासगावकडचे सुतार. भिंतीवर बोटाचं पेर दोनदा वाजवायचे आणि तिची कुंडली सांगायचे. "ही मातीची हाय, वरनं सिमिटाचं लिंपण दिलंय." "हितं पायप हाय, हात लावू नगा." हे शिकण्यासारखं होतं आणि मी ते शिकलेही. पण मामांची खरी ख्याती वेगळी होती. कोणत्या चित्राला किती लांबीचा खिळा, हे ते स्वतः ठरवायचे, आणि ते फ्रेमच्या वजनावरून नव्हे. "फ्रेमचं वजन सुतळीला इचारायचं," ते म्हणायचे, "चित्राचं वजन खिळ्याला." चांगल्या चित्राला तीन इंची. बऱ्या चित्राला दोन. ज्याच्या हाती काही लागलंच नाही त्याला एक. आणि त्याच्याही खाली चूक. चपलेच्या तळाला ठोकतात त्या बारीक खिळ्याला सुतार चूक म्हणतात, आणि मामा तो शब्द उच्चारताना त्याचे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याला पोचतील एवढा वेळ थांबायचे.

हळूहळू असं झालं की समितीच्या पत्राला कुणी विचारेना. पत्र आलं की पेढे वाटायचे, ते वाटायचेच, पण टांगून झालं की संध्याकाळी मला फोन. इकडचं तिकडचं बोलून मग आवाज खाली आणून, "मॅडम, मामांनी कितीचा लावला हो?" सांगलीच्या एका नामवंतांचं सोनेरी वर्ख लावलेलं भलंमोठं चित्र होतं. दोन माणसांनी उचलून आणलं. मामांनी ते दोन चुकांवर टांगलं. मी म्हटलं, मामा, पडेल हो. म्हणाले, "आत काय असंल तर पडंल." दोन वर्षं ते तसंच राहिलं, तसूभर हललं नाही. मग मामा जाईल तिथं सांगत सुटले की बघा, माझा अंदाज चुकत नाही.

वाईचे एक गुरुजी होते. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी कृष्णेचा घाट काढायचे आणि दरवर्षी आमच्याकडं पाठवायचे. समितीनं सात वर्षं नाकारला आणि आठव्या वर्षी कंटाळून घेतला. वाईतल्याच एका कचेरीत तो लावायचा होता. गुरुजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पत्नीला घेऊन, पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. मामांनी चित्राकडं बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून खरा घाट दिसत होता, बायका धुणं धूत होत्या. "गुरुजी, नदी तर हितनं दिसतीया की," मामा म्हणाले. "मग हे कशापायी?" गुरुजींना वाटलं थट्टा आहे. ते हसले.

दाराच्या मागच्या बाजूला भिंतीवर एक कॅलेंडर होतं. मामांनी ते काढलं, कारकुनाच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या खिळ्यावर गुरुजींचा घाट अडकवला. दार उघडं राहिलं की घाट दिसत नव्हता, आणि सरकारी कचेरीचं दार दिवसभर उघडंच असतं. गुरुजींच्या कानावर खिळ्यांची गोष्ट आली असावी. त्यांनी विचारलं, "मामा, कितीचा लावलात?" मामांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते असं करायचे. म्हणाले, "खिळा न्हाई मारला, गुरुजी. कॅलेंडरचा हुता. तेवढ्यावर भागलं."

सगळी कचेरी हसली. मीही हसले, तोंडात त्यांचाच पेढा होता. गुरुजींच्या पत्नी बॉक्स घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होत्या, त्या थांबल्या आणि त्यांनी झाकण लावून टाकलं. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे. नदी दिसतेच आहे." त्यानंतर त्यांनी चित्र पाठवलं नाही.

परत येताना टेम्पोत मी मामांना म्हटलं, "मामा, हे अति झालं. म्हातारा माणूस आहे, काय बिघडलं असतं एक खिळा मारला असता तर?" मामा रस्त्याकडं बघत म्हणाले, "सात वरीस तुमी त्यास्नी चिठ्ठ्या ल्हिवल्या. फुडच्या वर्षी जरूर प्रयत्न करा म्हणून. सात वरीस त्यो माणूस नदीकडं पाठ करून नदी काढत बसला. आता तरी घाटावर जाऊन बसंल. दुष्ट कोण, म्या का तुमी?" त्या सातही चिठ्ठ्या मीच टाइप केल्या होत्या.

मामांनी पाच इंची खिळा मारलेला मी एकदाच बघितला. माण तालुक्यात बनाबाई म्हणून एक बाई होत्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. खताचं रिकामं पोतं उसवून, त्याच्या आतल्या बाजूवर कोळशानं काढायच्या. गावातल्या मास्तरांनी एक पोतं आमच्याकडं पाठवलं. समितीत तासभर वाद झाला की याला कला म्हणायचं की आणखी काही. पोत्यावर मेंढरं होती, साठ-सत्तर असतील, सगळी बसलेली, आणि एकाचंही तोंड दिसत नव्हतं. नुसत्या पाठी. आटपाडीकडच्या एका शाळेत ते लावायचं ठरलं.

त्या दिवशी मामांनी तोंडात खिळे धरले नाहीत. स्टुलावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या. भिंतीला भोक पाडलं, लाकडाची गुट्टी तासून आत बसवली आणि मग पाच इंची खिळा, एका मापात आठ-दहा ठोके. पोत्याचं वजन ते केवढं, माझ्या ओढणीपेक्षा थोडं जास्त. टांगून झाल्यावर खाली उतरून बघत राहिले. मी विचारलं, "कसं आहे?" मामा म्हणाले, "गप. मेंढरं उठतील."

पाच इंचांची बातमी मी स्वतः बनाबाईंना फोनवर सांगितली. त्या घाबरल्या. "आवं, शाळंच्या भितीला एवढं भोक पाडलं? हेडमास्तर वरडला न्हाई व्हय?" मी फोन ठेवला आणि माझा जीव जळला. खोटं कशाला बोलू? मी पाच वर्षं कला महाविद्यालयात घासली होती. मला सावली, पोत, तोल सगळं येत होतं, आणि या बाईला तिच्या पाच इंचांची किंमतही माहीत नव्हती.

कारण मीही चित्रं काढायची. रोज सकाळी दोन तास, कामावर जाण्याआधी. मामांना ती मोबाइलवर दाखवण्याची खोड मला होती, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मामा मोबाइल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय." मी विचारायची, चांगलं म्हणजे? "चांगलं म्हंजे चांगलं. बघितलं, आवडलं, चा प्यायला गेलं." इतरांची चित्रं फाडून खाणारा माणूस माझ्या चित्राला चांगलं म्हणतो, याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रात्ररात्र ते 'चांगलं' टोचायचं.

संग्रहात काम करणाऱ्याचं चित्र संग्रहाला घेता येत नाही. पण माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होती. अकरा महिने झाले की एक महिना खंड, मग नवा करार. त्या एका महिन्यात मी संग्रहाची कुणीही नसायची. अशा एका खंडात मी चित्र पाठवलं. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाविना उभ्या टॅक्स्यांची रांग, निळ्या प्लास्टिकनं झाकलेली, चार फूट बाय तीन. समितीनं नावं झाकून निवड केली आणि माझं चित्र घेतलं. ते पत्र टाइप करायला त्या महिन्यात दुसरी मुलगी होती, म्हणून आयुष्यात एकदा ते पत्र मला पोस्टानं आलं.

चित्र जतकडच्या एका आरोग्य केंद्रात लावायचं ठरलं. तोवर माझा नवा करार सुरू झाला होता आणि नेमकी त्या दिवशी साताऱ्यात बैठक लागली. मामा एकटेच टेम्पो घेऊन गेले. मी बैठक आटोपून गोदामात येऊन बसले. दिवस मावळताना टेम्पो आला. मामा उतरले, सुतळीची गुंडाळी करू लागले. मी दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या चित्रकारांसारखाच आवाज खाली आणला. "मामा, कितीचा?"

"लागला तेवढा," मामा म्हणाले.

"म्हणजे किती इंची?"

"पोरी, लागला तेवढा लावला. चा सांग जा."

तोंडात एकही खिळा नव्हता, तरी त्यांनी माझ्याकडं न बघता बोलणं संपवलं. गुरुजींना त्यांच्या बायकोदेखत सांगणाऱ्या माणसानं मला सांगितलं नाही. मी चहा सांगायला गेले आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो खिळा बसला. काही दिवस मला वाटायचं, पाच इंची असणार, म्हातारा संकोचला, जवळच्या माणसाचं कौतुक तोंडावर कसं करायचं म्हणून. काही दिवस वाटायचं, चूक असणार. जत काही परदेशात नाही. पहाटेच्या एसटीत बसलं की रात्रीपर्यंत जाऊन येता आलं असतं. मी गेले नाही. आधी ते कळू दे मग पुढचं काढू, असं म्हणत सकाळचे दोन तास लोळून काढायला लागले. रंगाच्या ट्यूबा वाळून दगड झाल्या. मी चित्रकार आहे की नाही, हे जतकडच्या एका भिंतीत ठोकलेलं होतं आणि मला ते उपटून बघायचं धैर्य नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्याकडं संग्रहाचा प्रभार आला. मामा म्हणाले, "कानामागनं आली आन् तिखट झाली." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला 'पोरी' म्हणणं बंद केलं आणि 'म्याडम' सुरू केलं. भर उन्हात टेम्पोच्या टपावरून ओरडायचे, "म्याडम, दोरी सोडा." सगळ्यांपुढं. मी 'मामा'च म्हणत राहिले, पण त्यातली माया थोडी कमी केली.

याच काळात त्यांचे हात थरथरायला लागले. एकदा तोंडातला खिळा चहात पडला. एकदा अंगठा ठेचला आणि तो काळानिळा अंगठा ते आठवडाभर खिशात लपवून हिंडले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी ऑपरेशन करून घ्या म्हटलं की म्हणायचे, "तुमच्या चित्रांस्नी एक डोळा लय झाला." मी ते बघत होते. मी कुणाला सांगितलं नाही आणि मामांनाही नीट काही म्हटलं नाही.

मग खंडाळा तालुक्यातल्या एका शाळेत चित्र पडलं. रविवार होता, वर्गात कुणी नव्हतं, पण काच फुटून पहिल्या बाकापर्यंत गेली होती. सोमवारी तिथं मुलं बसली असती. समितीनं माझ्याकडं अहवाल मागितला. मी जाऊन बघितलं. भिंत पाझरत होती, हात लावला की ओल बोटाला लागायची. आणि खिळा तिरका बसला होता. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये 'खिळ्याची स्थिती' म्हणून एक रकाना आहे, एका ओळीचा. 'भिंत ओली असल्याने सैल झाला' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. मी लिहिलं, 'खिळा तिरका बसवलेला होता.'

का लिहिलं, याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. मुलांचा जीव, सरकारी जबाबदारी, आणि मामांनीच शिकवलेला खरेपणा. यातलं काहीच खोटं नाही. पण पेन टेकवताना माझ्या कानात 'लागला तेवढा' वाजत होतं, तेही खरं. जतचा खिळा मी खंडाळ्यात उपटला. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हणतात ते हेच.

समितीला कारण हवंच होतं. चित्रं टांगायचं काम एका एजन्सीला दिलं गेलं. ते लोक खिळा मारतच नाहीत, चिकटणारे हुक लावतात आणि फोटो काढून ग्रुपवर टाकतात. एकोणीस वर्षं रोजंदारीवर राहिलेल्या माणसाला निरोपसमारंभ नसतो. मामा हातोडी जमा करायला गोदामात आले. अहवाल त्यांना वाचून दाखवला गेला होता, हे मला माहीत होतं.

"खिळा तिरकाच हुता," मामा म्हणाले. तोंड रिकामं होतं. नुसतं तोंड मी फार क्वचित बघितलेलं, ते म्हाताऱ्याचं होतं.

मी म्हटलं, "मामा, भिंत ओली होती."

"हुती की."

"ते मी लिहिलं नाही."

"न्हाई ल्हिवलंस." त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली, दांडा माझ्याकडं करून. "खरं तेवढं ल्हिवलंस. माझ्याच हाताखाली शिकलीस न्हवं? येतो पोरी."

'पोरी' ऐकून मला बरं वाटलं, इतकी मी निर्लज्ज. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

नंतर कधीमधी मी फोन करायची. गावी त्यांना नवं काम लागलं होतं. कुणी मेलं की फोटो लावायला मामांना बोलावणं. तिथंही त्यांची पट्टी सुटली नव्हती. "परवा सरपंचाच्या बापाला लावला," फोनवर सांगायचे. "दीड इंची. जितेपणीबी हलकाच हुता, उगं भित कशाला खराब करा." आणि एकदा, पलीकडच्या गल्लीतल्या एका दाईला त्यांनी चार इंची लावला. "आर्धं गाव तिच्या हातावर पडलंय. तेवढं वजन धरायला नगं?" जतचा विषय दोघांनीही काढला नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं, कोण जाणे. मी विचारलं नाही.

मामा गेले ते कळायला मला चार दिवस लागले. तेराव्याला मी गेले. मामांचा फोटो खुर्चीवर ठेवलेला, भिंतीला टेकवून, हार खाली लोंबत होता. मी मामींना विचारलं, वर का नाही लावला? मामी म्हणाल्या, "घरात खिळा मारणारं माणूस एकच हुतं." मग आतून त्यांनी खिळ्यांची पिशवी आणून माझ्या हातात दिली. मी सगळ्यांत मोठा शोधला, पाच इंची. भिंतीवर पेर वाजवलं, जागा धरली आणि ठोकायला लागले. पाहुणे बघत होते. अर्ध्यात गेला आणि वळला. मी तो उपटायला लागले तशी मामींनी माझा हात धरला.

"असू दे बाई," त्या म्हणाल्या. "तिरका तर तिरका. धरलाय न्हवं त्येनं?"

मामांचा फोटो तिरक्या खिळ्यावर लागला. मी परत येताना एसटीत तोंडाला पदर लावून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, मामा.

गेल्या महिन्यात जतकडच्या त्या आरोग्य केंद्रातून फोन आला. रंगकाम निघालंय, तुमचं चित्र घेऊन जा. मुदत केव्हाच संपली होती, मीच ते उतरवायचं टाळत आले होते. एजन्सीला सांगता आलं असतं. मी स्वतः गेले. मामांची पिशवी बरोबर घेतली, कशाला कोण जाणे. तिथल्या सिस्टर पुष्कळ वर्षं तिथंच होत्या. बाळंतिणींच्या खोलीत, औषधांच्या कपाटाशेजारी माझ्या टॅक्स्या उभ्या होत्या. लांबूनच मला कळलं की चित्र चांगलं आहे. बघावं, आवडावं, आणि चहा प्यायला जावं इतकं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि मागं बघितलं.

मागं भिंतीवर एक जुना, गंजका खिळा होता, जेमतेम इंचाचा. त्याच्याखाली चौकोनी फिकट डाग, आणि डागाच्या वरच्या कडेला, खिळ्यातच अडकून राहिलेली पत्र्याची पट्टी. कॅलेंडरला वर असते ती.

सिस्टर म्हणाल्या, "मी हुते की त्या दिशी. म्हाताऱ्यानं पिशवीतनं हा एवढा खिळा काढला हुता. भितीला लावून बघितला. मग चित्राकडं बघत बसला लय वेळ. मला म्हणाला, कुणी काढलंय ठाव हाय का? आमची पोरगी हाय. आन् परत खिळा पिशवीत टाकला. म्हणाला, हाय त्येच्यावर बसतंय, भित चांगली हाय, कशाला भोक पाडा." मग त्या थोड्या ओशाळल्या. "पण ताई, खरं सांगू का, आमची लय गैरसोय झाली. डोसाच्या तारखा सांगाय रोज भायेर जावं लागायचं."

मी चित्र घेऊन दारापर्यंत पोचले नव्हते, तोवर त्यांनी कपाटातून या वर्षाचं कॅलेंडर काढून तिथं लावलंही होतं. रंगकाम व्हायचं होतं तरी. खिळ्याला ते शोभत होतं.

गुरुजींना त्यांनी सांगितलं होतं, बायकोदेखत. मला सांगितलं नाही. खोटंही बोलले नाहीत. लागला तेवढा. लागलाच नव्हता. अख्ख्या हयातीत ज्या माणसानं कुणाला सोडलं नाही, त्यानं एकदा एका माणसाला सोडलं होतं, आणि त्या माणसानं त्याला खंडाळ्यात पकडून दिलं.

उतरवलेल्या प्रत्येक चित्राचा फॉर्म भरावा लागतो. गोदामात येऊन मी तो भरला. चित्राची स्थिती, उत्तम. भिंतीची स्थिती, चांगली. तिसरा रकाना खिळ्याचा. मी लिहिलं, 'लागला तेवढा होता.' असंही लिहिता येतं. त्या दिवशी सुचलं नाही.